निघण्यापूर्वी हवा काढा

प्रवासाला निघताना चाकांत हवा भरायची असते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मग एखाद्या रविवारी सकाळी वेल्ह्याच्या पुढे, जिथे डांबर संपून मुरमाची कच्ची वाट सुरू होते तिथे, डर्ट बाइकवाली मंडळी उकिडवी बसून काय करतात ते पाहा. हवा काढतात! व्हॉल्व्हची पिन दाबायची, फुस्स. गेज लावायचा, आकडा बघायचा, पुन्हा फुस्स. दोन्ही चाकांतली जवळजवळ निम्मी हवा सोडून दिली की हेल्मेट चढवायचं, आणि मग दगडगोटे, घसारा, ओढे, जे काही समोर येईल त्यात घुसायचं.

वेडेपणा वाटतो ना? जरा हिशेब करू.

आपल्याकडची सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ, २०१९ साली आलेली हिरोची एक्सपल्स २००. गाडी, स्वार, त्याचे बूट-चिलखत आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन साधारण अडीचशे किलो. त्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त, म्हणजे १३५ किलो, मागच्या चाकावर. आता हे वजन जमिनीवर कोण तोलून धरतं? रबर? रबराचा वाटा अगदी थोडा. तोलते ती आतली हवा. २८ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलोचा दाब. १३५ भागिले २, म्हणजे ७० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. एवढाच तुकडा जमिनीला टेकलेला असतो! आठ-साडेआठ सेंटीमीटर बाजूच्या चौकोनावर तुमची सगळी मदार.

आता हवा १४ पौंडांवर आणा. वजन तेच, दाब निम्मा. मग तोल सांभाळायला टेकलेला तुकडा दुप्पट व्हायलाच हवा, आणि तो होतो. टायर बसतो, लांबट पसरतो, रबराचे आणखी ठोकळे जमिनीत रुततात. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण दिशा हीच. शिवाय मऊ टायर दगडावरून उडी मारत नाही, दगडाला स्वतःत सामावून घेऊन पुढे सरकतो. एक रुपया खर्च न करता, अर्ध्या मिनिटात, जमीन धरणारा तुकडा जवळपास दुप्पट. मोटरसायकलच्या जगात याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

हवेवर चालण्याची ही करामत किती जुनी? बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८८७-८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने त्याच कल्पनेचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. सायकलचं युग उजाडायचं होतं, त्यामुळे बिचाऱ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग हवा आणखी का नाही काढायची? कारण दगडाच्या धारेवर आपटलेला टायर पार रिमपर्यंत दबला, की मधल्या ट्यूबला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन भोकं दिसली, की समजायचं खिळा-बिळा काही नव्हता, हवा कमी पडली. वाळूत दहा पौंडांवर चालवणारे लोक असतात. आपल्या सह्याद्रीत खाली काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्याच्या तुटलेल्या कडा अजून धारदार. इथे मी चौदाच्या खाली जात नाही.

दुसरी भानगड जास्त मजेशीर आहे. हवा कमी झाली की टायरची रिमवरची पकडही ढिली होते. जोरात ॲक्सिलरेटर पिळला की रिम फिरते, टायर मागे राहतो, त्याच्याबरोबर आतली ट्यूबही घसरते आणि व्हॉल्व्हचं बूड फाटतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना रिम-लॉक नावाचा एक तुकडा असतो, तो टायरची कड आतून रिमवर दाबून धरतो. तुमच्या गाडीला तो नसेल तर एक छोटी युक्ती. व्हॉल्व्हच्या देठावरचा नट पाहिलाय? रिमला घट्ट आवळलेला असतो तो. तो सोडवून वर, टोपणाला टेकवून ठेवायचा. आता टायर सरकला तर देठ फाटण्याआधी तिरका होतो, आणि चहाला थांबल्यावर नुसत्या नजरेने कळतं. नट रिमला आवळलेला असता तर देठ शेवटपर्यंत सरळ उभा राहिला असता आणि मग एकदम गेला असता.

इथे या सगळ्या तयारीची किल्ली हाती लागते. गाडी डोंगरात न्यायची म्हटलं की नवशिक्याचा हात आधी पान्याकडे जातो: सगळं करकचून आवळू या. जाणता माणूस आधी विचार करतो की काय सैल सोडायचं, आणि किती.

चाकांचंच पुढे बघा. पुढचं २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्ही तारांची. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या केव्हाच ओतीव अलॉयवर गेल्या, मग डर्ट बाइक अजून या जुन्या स्पोकना का चिकटून? बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. लाकूड दाबाला पक्कं असतं. पण दोन-चार मिलिमीटर जाडीच्या तारेवर गाडी उभी करून पाहा. तार वाकेल, झालं. मग या तारा एवढं ओझं पेलतात कशा?

ताणून. प्रत्येक स्पोक आधीच करकचून ओढून बसवलेली असते. भार आला की सर्वांत खालच्या दोन-तीन तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळजवळ आहे तेवढाच राहतो. आणि तो कमी झालेला ताण म्हणजेच उचललेलं ओझं! म्हणजे चाक खाली सैल होऊन भार घेतं. ताणाच्या चाकाची ही कल्पना सुचली ती जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थाला, १८०८ मध्ये, तेही सायकल-मोटरसायकलसाठी नाही. सायकल होती कुठे? त्याला उडतं यंत्र बनवायचं होतं आणि त्यासाठी वजनाला हलकं चाक हवं होतं. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने तारा मधोमध सरळ लावण्याऐवजी एकमेकींना छेद देत तिरप्या लावल्या. का? इंजिन आधी फिरवतं ते मधलं हब. सरळ तारांना ती पिळवणूक रिमपर्यंत पोचवता येत नाही. तिरप्या तारा रिमला ओढत नेतात. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाशी बसून पाहा, तारांचं ते जाळं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

आता जरा डोकं गरगरू द्या. पुढच्या चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरांहून थोडा कमी. शंभर किलोमीटरमध्ये सुमारे ४६ हजार फेरे. म्हणजे एका दिवसाच्या भटकंतीत प्रत्येक स्पोक ४६ हजार वेळा ढिली होते आणि पुन्हा ताणली जाते, वर दगडांचे मार वेगळे. तार रिमला धरून ठेवणारी एखाद-दुसरी निपल फिरून सुटली नाही तरच नवल. आणि एक सुटली की शेजारणींवर भार, मग त्या सुटतात, आणि संध्याकाळपर्यंत रिम आउट.

तपासायचं कसं? चाक अधांतरी करायचं, हातात छोटा पाना घ्यायचा, आणि चाक हळूहळू फिरवत एकेका तारेवर टिचकी मारायची. टिंग, टिंग, टिंग, टिंग, थड. तीच ती! सतारीची तार लावतानाचंच शास्त्र आहे हे. ताण जास्त तर सूर चढा, ताण कमी तर सूर उतरलेला. कान असलेल्या माणसाला छत्तीस तारा तपासायला दोन मिनिटं लागतात. मात्र सैल तार एकदम आवळत सुटायचं नाही. निपलला पाव फेरा, मग पुन्हा टिचकी. एकदम ओढली तर रिम त्या बाजूला खेचली जाते आणि आउट काढायला दिलेले पैसे वाया.

चेनपाशी आलो की मित्रांची गरज लागते, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

सैल चेन ही आळशीपणाची खूण, असं आपल्याला वाटत असतं. मागचं चाक ज्या हातावर वरखाली होतं तो स्विंगआर्म, म्हणजे आपल्या मेकॅनिकचा ‘चिमटा’, एका बिजागरीभोवती फिरतो. पण चेन ज्या छोट्या स्प्रॉकेटवरून येते त्याचं केंद्र त्या बिजागरीवर नाही, थोडं पुढे आहे. दोन वर्तुळं, दोन वेगळी केंद्रं. त्यामुळे चाक वरखाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. पुढचं स्प्रॉकेट, बिजागरी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त, आणि चेन सर्वांत ताठ. गाडी स्टँडवर उभी असताना मात्र चेन लोंबत असते. स्टँडवर ‘मस्त टाइट’ केलेली चेन पहिल्याच मोठ्या दणक्याला वीणेच्या तारेसारखी ताणली जाते आणि तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. डर्ट बाइकच्या मागच्या शॉकअपचा पल्ला मोठा, म्हणून तिची चेन रस्त्याच्या गाडीपेक्षा जास्त सैल लागते.

कंपनीच्या पुस्तकात किती मिलिमीटर ते लिहिलेलं असतं. पण मागचं शॉकअप बदललं असेल, तर? एक्सपल्सला रॅली किट चढवली की पुढचा पल्ला १९० वरून २५० मिलिमीटर होतो, मागचा १७० वरून २२०. मग पुस्तकावर विसंबून चालत नाही. दोन वजनदार मित्रांना गाडीवर बसवायचं, तिसऱ्याला मागून दाबायला लावायचं, ती तीन केंद्रं एका रेषेत येईपर्यंत, आणि तेवढ्यात चौथ्याने खाली वाकून चेन हलवून बघायची. या सर्वांत ताठ अवस्थेतही थोडीशी डुलली पाहिजे. हे एकट्याने करून दाखवा!

शॉकअप लावणं हाही असाच सामुदायिक कार्यक्रम. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून वर शेपटीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. मग स्वाराने बूट, हेल्मेट, भरलेल्या पिशवीसकट गाडीवर बसायचं, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. गाडी जेवढी खाली बसली ती ‘सॅग’. डर्ट बाइकमध्ये ती एकूण पल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. १७० मिलिमीटरपैकी पंचावन्नच्या आसपास.

पण एवढा महागाचा पल्ला बसल्या बसल्याच का घालवायचा? कारण वाटेत नुसते उंचवटे नसतात, खड्डेही असतात. गाडी मुळीच बसली नसती तर खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरली नसती; चाक हवेत, ब्रेक निकामी. आधीच थोडी बसलेली गाडी खड्ड्यात चाक खाली सोडू शकते. वर येण्यासाठी दोन वाटे, खाली जाण्यासाठी एक वाटा.

आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. शॉकअपची कडी आवळली की स्प्रिंग ‘हार्ड’ झाली असं म्हणतात ना? स्प्रिंगला त्याचा पत्ताही नसतो! ती जितकी कडक होती तितकीच राहते. एका किलोला ती जितकी दबायची तितकीच आताही दबते. बदलते ती फक्त गाडीची उंची. नव्वद किलोच्या मित्राची गाडी कडी पार शेवटपर्यंत आवळूनही बसत असेल, तर त्याला जाड स्प्रिंगच लागणार.

आता ज्या गोष्टी खरोखर घट्टच हव्यात त्यांच्याकडे वळू. मागचा ॲक्सल, स्प्रॉकेटचे बोल्ट, ऑइलचा ड्रेन बोल्ट, ब्रेकचे कॅलिपर. यातला एक जरी सुटला तरी भटकंती संपली. पण आवळलेला बोल्ट आपोआप सुटतो कसा? कोणी पाना लावायला येतं का?

बोल्ट ही खरं तर एक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचितसा लांबतो, आणि पूर्ववत व्हायच्या त्याच्या धडपडीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. त्याचे आटे म्हणजे गुंडाळलेला उतार. त्या उतारावरून त्याला सतत घसरायचं असतं. थांबवतं ते फक्त घर्षण. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की खरा शत्रू म्हणजे आडवं कंपन. जोडलेले भाग आडवे इकडेतिकडे सरकले की क्षणभर आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं, आणि बोल्ट त्या उतारावर एक कण खाली येतो. पुढचा हादरा, आणखी एक कण. स्प्रिंग वॉशर लावून निर्धास्त होणाऱ्यांची, आडवे हादरे देणाऱ्या त्याच्या चाचणीच्या यंत्रावर फार निराशा झाली.

यावरचा उपाय एका छोट्या बाटलीत मिळतो, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिककडे एक विचित्र द्रव होता. त्यात सतत हवा खेळती ठेवावी लागे, नाहीतर तो आपला आपण घट्ट व्हायचा. डोकेदुखीच! हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ च्या सुमारास या खोडीचाच धंदा केला. लॉकटाइट. आपले बाकीचे गोंद हवेत वाळतात. हा हवा मिळेनाशी झाली की वाळतो. आट्यांच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही आणि भोवती धातू असतो, एवढं त्याला पुरे. म्हणूनच त्याची बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते. आतली हवा त्याला पातळ ठेवते. निळा घ्या, तो पान्याने सुटतो. लाल लावलात तर सोडवताना आधी बोल्ट तापवावा लागेल.

मग शेवटचा हात: आवळलेल्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ. सकाळी निघताना टॉर्च मारायचा. रेघ सरळ तर ठीक, मोडलेली दिसली तर पाना काढा. घरातून नेलपॉलिश मागताना जे प्रश्न येतील त्यांची उत्तरं तयार ठेवा.

हँडलवर मात्र पुन्हा सैलपणा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर ज्या पट्टीने हँडलला धरलेल्या असतात, तिचे बोल्ट एवढेच आवळायचे की चालवताना लिव्हर हलू नये, पण हाताने जोरात दाबली तर फिरावी. डोंगरात गाडी पडणारच. घट्ट लिव्हर जमिनीवर आपटली की तुटते. सैल असलेली नुसती फिरते, आणि गाडी उचलल्यावर तिला जागेवर आणायला एक हिसका पुरतो. लिव्हर थोड्या खाली झुकवायच्या, कारण अवघड वाटेवर गाडी उभं राहून चालवतात. का उभं? बसलेल्या माणसाचं पंचाहत्तर किलो वजन सीटला जखडलेलं. प्रत्येक दणक्याला गाडीला तेवढं सगळं उचलावं लागतं. उभं राहिलं की गुडघे वाकतात आणि गाडी माणसाखाली हवी तशी नाचू शकते.

आता इंजिनाच्या श्वासाकडे. दोनशे सीसीचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं तेव्हा दर दुसऱ्या फेऱ्याला एकदा हवा ओढतं. तीन हजार श्वास, प्रत्येक जास्तीत जास्त दोनशे मिलिलिटरचा. मिनिटाला सहाशे लिटर! शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे तुमच्या दोन पायांमध्ये पाऊणशे-शंभर माणसं एकदम श्वास घेतायत. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरमध्ये मावेल इतकी. आणि आपण ही हवा घेतो कुठून? पुढच्या मित्राच्या चाकाने उडवलेल्या फुफाट्यातून.

त्या फुफाट्यात दगडाची पूड असते. ती तेलात मिसळून सिलिंडरच्या भिंतीवर पोचली की घासायची पेस्ट तयार झाली. अडवणार कोण? मातीत जाणाऱ्या गाड्यांत बहुधा तेलात भिजवलेला फोम असतो. गंमत अशी की फोमची छिद्रं धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. मग धूळ अडते कशी? वळणावर! हवा हलकी, ती फोममधल्या हजारो नागमोडी वाटांनी वळत आत जाते. कण जड, त्याला वळण घेता येत नाही, तो भिंतीवर आपटतो, आणि भिंत चिकट असते. म्हणून कोरडा फोम कुचकामी.

हा फोम पेट्रोलने धुऊ नका. त्याचे थर जोडणारा गोंद सुटतो, आणि बादलीभर पेट्रोल घेऊन बसणं हा वेगळाच जुगार आहे. फिल्टर क्लीनर, मग साबणाचं पाणी, मग सावलीत वाळवणं. पिळायचा नाही, तळव्यांत दाबायचा. तेल लावल्यावर सगळीकडे एकच रंग दिसेपर्यंत मळायचा, आणि कडेला ग्रीसची पातळ रेघ. फोम कितीही चांगला असला तरी कडेने फट राहिली तर हवा तिथूनच जाणार.

इंजिनात हवेच्या जागी पाणी गेलं तर? सह्याद्रीत ओढे टळत नाहीत, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. दोनशे सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साधारण २२ मिलिलिटर. हवा तेवढ्यात दाबून बसते. पाणी दाबलं जात नाही. चहाचे साडेचार चमचे पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही, आणि चालत्या इंजिनात अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतो. साडेचार चमचे! म्हणून गाडी ओढ्यात बुडाली की आधी इंजिन बंद, आणि स्टार्टरला हात लावायचा नाही. काठावर ओढा, प्लग काढा, मग इंजिन फिरवा. पाणी त्या भोकातून पिचकारी मारत बाहेर पडतं. त्यासाठी कोणाच्या तरी पिशवीत प्लगचा पाना हवा. तो आहे की नाही, हे घरीच पाहायचं.

पाहायचं कसं, त्याचीही एक छान रीत आहे. आदल्या आठवड्यात गाडीचं काम करताना घरची मोठी पेटी उघडायचीच नाही. चाक काढणं, ट्यूब बदलणं, फिल्टर, प्लग, सगळं फक्त त्या पिशवीतल्या हत्यारांनी, जी बरोबर येणार आहेत. मग कळतं की ॲक्सलचा पाना आहे पण त्याला जोर लावायला दांडा नाही, किंवा पंप आहे आणि त्याचं तोंड व्हॉल्व्हला बसत नाही.

सगळ्यांनी सगळं न्यायची गरज नसते. एकाकडे पंप, एकाकडे चेनचा जोड आणि तोडायचं हत्यार, एकाकडे क्लचची केबल. ट्यूब तर एकच पुरते, पुढच्या चाकाची, २१ इंची. मागचं १८ इंची चाक पंक्चर झालं तर तीच कोंबून बसवतात. रबर ते मुकाट्याने सहन करतं आणि घरी पोचवतं. उलटं मात्र जमत नाही. क्लचची दुसरी केबल पिशवीत नेण्यापेक्षा जुन्या केबलला लगटून आधीच ओवून ठेवलेली बरी. तुटली की दोन टोकं बदलायची.

आणि एक विनंती, तयारीच्या यादीत न बसणारी. सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, गाडी घालू नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे म्हणून नव्हे. नाव नसलेल्या सड्यावरही कातळावर मातीचा थर बोटभरच असतो, आणि पावसाळ्यात तिथे जे उगवतं त्यातलं काही इतरत्र कुठेच उगवत नाही. निम्म्या हवेचा, दुप्पट पसरलेला टायर एका फेरीत तो थर उकरून काढतो. गाडीवाट, बैलवाट पुष्कळ आहेत.

इतकं करूनही एखादी गाडी बंद पडतेच. मग दोर. जाड, चार-पाच मीटरचा. एक टोक ओढणाऱ्या गाडीच्या डाव्या फूटरेस्टला पक्कं बांधायचं. दुसरं टोक बंद गाडीच्या उजव्या फूटरेस्टकडे. पण तिथे गाठ मारायची नाही. नुसते दोन वेढे, आणि त्यावर स्वाराने बूट दाबून ठेवायचा. घर्षणच एवढं होतं की एका पायाच्या दाबाखाली अख्खी गाडी ओढली जाते. तोल गेला, पुढे खड्डा आला, काहीही झालं की पाय उचलायचा. वेढे सुटतात आणि पुढचा आपला पुढे निघून जातो. मागच्याने ब्रेकवर बोटं ठेवायची आणि दोर कायम ताणलेला राहील एवढाच ब्रेक लावायचा, नाहीतर तो चाकात अडकतो. हे आदल्या दिवशी एखाद्या मोकळ्या मैदानात करून बघा, आणि आळीपाळीने दोघांनीही दोन्ही जागा घेऊन बघा. मागे बसणं जास्त अवघड आहे.